दिलदार बापाची सायकल

तिला गल्लीत सगळे तोफ म्हणायचे. तोंडावर अर्थातच नाही, तेवढी कुणाची छाती नव्हती. पण ती जिना उतरून नळावर आली की बायका एकमेकींना कोपराने ढोसायच्या आणि भांडत असलेली पोरं गप्प व्हायची. ते नाव तिच्या कानावर गेलेलं होतं. तिला त्याचं काही वाईट वाटलं नव्हतं. नवरा सोडून गेलेल्या बाईला लोक एक तर बिचारी म्हणतात, नाही तर जे म्हणतात ते चारचौघांत सांगण्यासारखं नसतं. त्यापेक्षा तोफ पुष्कळ बरी.

नवरा गेला त्याला चार वर्षं होत आली होती. भांडून, आदळआपट करून गेला असता तरी एक वेळ चाललं असतं. तो एका ट्रॅव्हल कंपनीत ड्रायव्हर होता. "सीझन आहे, डेपोजवळच राहावं लागेल, महिनाभराचा तर प्रश्न आहे," असं सांगून तो बॅग घेऊन गेला, आणि तो महिना काही संपला नाही. आधी तिने वाट पाहिली, मग फोन केले, मग स्वतः डेपोवर गेली. त्याने तिची सगळ्यांशी 'ही आमची मिसेस' म्हणून ओळख करून दिली, तिची, पोरीची, घराची चौकशी केली आणि परतीच्या बसमध्ये जागा धरून बसवून दिलं. बस सुटल्यावर तिच्या लक्षात आलं, की जे विचारायला आलो होतो ते विचारायचं राहूनच गेलं. असा तो माणूस. गोड बोलून वाटेला लावण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

त्याने तिच्यावर कधी हात उचलला नव्हता, दारूला तो शिवत नव्हता, आणि हीच तिची खरी पंचाईत होती. तिच्या सख्ख्या भावाने विचारलं होतं, "मारतो का?"

"नाही."

"पितो?"

"नाही."

"मग झालं तरी काय एवढं?"

झालं काय ते तिला नीट सांगता येत होतं. घरभाडं, वीज, गॅस, दूध, शाळा, औषधपाणी हे सगळं तिच्या एकटीच्या डोक्यावर टाकून एक धडधाकट माणूस शीळ घालत निघून गेला होता. पण यात काही गुन्हा आहे असं कुणाला वाटेचना. भाऊ म्हणाला, "जरा सबुरीनं घे." त्या दिवसापासून तिने भावाचा उंबरा सोडला आणि नवऱ्याचं नावही टाकलं. बोलायची वेळ आलीच तर ती 'खारूचा बाप' म्हणायची.

खारू म्हणजे तिची मुलगी. पुढचे दोन दात जरा मोठे आणि हाताला लागेल ती पेन्सिल कुरतडायची खोड, म्हणून खारू. अभ्यासात बरी, बोलायला कमी आणि बाप म्हणजे जीव की प्राण.

तोही तसा पोरीला विसरलेला नव्हता. वर्षातून तीन-चारदा उगवायचा, आणि रिकाम्या हाताने कधीच नाही. एकदा पोरीच्या उंचीचं अस्वल आणलं, ते ठेवायला त्या एका खोलीत जागा होईना. एकदा चाकाचे बूट आणले, ते घालून पळायला गल्लीत सपाट जमीन सापडेना. आला की गल्लीच्या तोंडापासून हाका सुरू व्हायच्या. याची पाठ थोपट, त्याच्या पोराला खांद्यावर घे, खाली राहणाऱ्या घरमालकाशी दहा मिनिटं हास्यविनोद. बायका म्हणायच्या, "माणूस दिलदार आहे हो. हिच्याच जिभेला हाड नाही. कोण टिकणार!"

तिच्या जिभेला हाड नव्हतं हे खरं होतं. पण दिवसभर ती जीभ आवळूनच धरलेली असायची. ती एका मोठ्या लाँड्रीत कामाला होती. दोन हॉस्पिटलं आणि सात-आठ लॉज, यांच्या चादरी आणि अभ्रे टेम्पो भरभरून यायचे. धुलाई झाली की चादरी रोलरवर यायच्या. रोलर म्हणजे आडवा पडलेला एक लांबलचक लोखंडी पिंप, आत वाफ खेळवून तापवलेला. ओल्या चादरीची दोन टोकं दोघींनी धरायची आणि एका लयीत आत सोडायची. एकीचा हात रेंगाळला की चादर तिरकी जायची, चुणी पडायची, आणि सुपरवायझर ती परत भिजवायला लावायचा. मनगटापासून कोपरापर्यंत तिच्या दोन्ही हातांवर भाजल्याचे डाग होते, काही जुने काळे, काही ताजे लाल. समोरचं टोक धरणारी बाई वयाने मोठी होती. तिला सगळी लाँड्री मावशी म्हणायची. रोलरच्या घरघरीत ओरडून बोलावं लागे, त्यामुळे मावशीच्या घरातलं काहीही लाँड्रीत गुपित राहिलेलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात मोठ्या हॉस्पिटलने लाँड्रीचे पैसे थकवले आणि लाँड्रीच्या मालकाने बायकांचे. एका महिन्यात पगार अर्धाच हातात पडला. पुढच्या महिन्यात तेवढाही नाही. ती मालकाच्या केबिनमध्ये गेली.

"ताई, वरून आले की लगेच देतो," मालक म्हणाला. "मी काय खिशात ठेवून बसलोय का? आपण सगळे एकाच नावेत आहोत."

"नाव एकच असेल साहेब," ती म्हणाली. "पण तुमची गाडी खाली सावलीत उभी आहे, आणि मी बसचे पैसे वाचवायला चालत आलेय."

मालक कसनुसं हसला. बाहेर सुपरवायझरने तिला ऐकवलं, की बोलायची एवढी हौस असेल तर गेटाबाहेर कामाला माणसं उभीच आहेत. तिने दात आवळले आणि पुढची चादर उचलली. चादरीला कोण, कसं, किती जोरात झटकतं यावर अजून तरी काही नियम नव्हता.

आता अर्ध्या पगारात काय भरायचं? भाडं आधी, कारण घरमालक खालीच राहायचा आणि त्याच्या दारावरूनच जिना चढावा लागे. तिची चाहूल लागली की तो दारात यायचा. "माझं काही म्हणणं नाही," तो सुरुवात करायचा, आणि मग त्याचं जे म्हणणं असायचं ते पाच मिनिटं चालायचं. भाड्याखालोखाल दूध आणि शाळा. विजेचं बिल मागे पडलं. एक पडलं, त्याच्यावर दुसरं येऊन बसलं. ती स्वतःला समजावत राहिली, की पगार झाला की आधी तेच.

एका शुक्रवारी ती कामावरून आली तर जिन्यात वायरमन शिडी आवरत होता. तिच्या खोलीचा फ्यूज त्याने काढून पिशवीत टाकलेला होता.

"एक दिवस थांबा," ती म्हणाली.

"माझ्या हातात काही नाही बाई. मला वरून यादी येते."

"वरून! मालकालाही वरून पैसे येतात, तुम्हालाही वरून यादी येते. या वर कोण बसलंय ते एकदा मला दाखवा तरी."

वायरमन बिचारा काय दाखवणार? तो खाली मान घालून निघून गेला. खोलीत पंखा बंद, दिवा बंद. वर तापलेला पत्रा. खारू खिडकीत वही धरून गणितं सोडवत होती. वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली.

शनिवारी अर्धी रजा टाकून ती वीज ऑफिसात गेली. तिथे कळलं ते ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. थकलेलं बिल तर भरायचंच, वर दंड, आणि कनेक्शन परत जोडण्याचे पैसे वेगळे.

"म्हणजे माझ्याकडे पैसे नाहीत म्हणून तुम्ही वीज तोडलीत," ती खिडकीतल्या माणसाला म्हणाली, "आणि तोडलीत म्हणून आता आणखी पैसे द्या?"

"नियम आहे."

"नियम करणाऱ्याच्या घरी कधी अंधार झालेला नसणार."

"बाई, मागे रांग आहे."

रांग होतीच. तिच्यासारखीच माणसं होती रांगेत, कागदांच्या घड्या हातात घेतलेली. आणि त्यातलाच एक जण वैतागून म्हणाला, "घ्या ना आवरतं." तिला त्या खिडकीतल्या माणसापेक्षा त्याचाच जास्त राग आला.

खारूच्या बापाला तिने तीनदा फोन लावला. खरं तर त्याच्याकडे काही मागायचं नाही असं तिने स्वतःला बजावून ठेवलं होतं आणि चार वर्षं ते पाळलंही होतं. त्या दिवशी तिने नाक मुठीत धरून फोन केला. तिन्ही वेळा त्याने उचलला नाही.

रविवारी खारूला बारावं लागलं. आणि रविवारी सकाळी तो आला.

आधी गल्लीत घंटी वाजली. मग हाका. ती गॅलरीत येऊन बघते तर खारूचा बाप सायकलवर बसून, पाय पसरून, गल्लीच्या मधोमध गोल गोल फिरत होता. गडद निळी, गिअरची सायकल. पाण्याच्या बाटलीला वेगळी खाच, पुढे दिवा, मागे दिवा. पोरं मागून धावत होती. खारू जिन्यावरून अशी सुटली, की तिची एक चप्पल वरच राहिली. बापाने तिला उचलून सीटवर ठेवलं आणि सगळ्या गल्लीने टाळ्या वाजवल्या. घरमालक दारात येऊन म्हणाला, "वा! याला म्हणतात बाप!" कोपऱ्यावरचा डेअरीवाला दूध मोजता मोजता थांबला. "केवढ्याला पडली हो?" त्याने विचारलं.

खारूच्या बापाने आकडा सांगितला. मोठ्याने सांगितला. वर गॅलरीत तिने तो ऐकला. त्या आकड्यात विजेची दोन्ही बिलं, दंड, जोडणी आणि वर एका महिन्याचं भाडं निघालं असतं.

तो वर आला तेव्हा तिने त्याला जिन्याच्या वळणावरच गाठलं.

"घरात दोन दिवस वीज नाही," ती शक्य तितक्या हळू म्हणाली. "बिल भर. एवढं एकच भर."

"अगं, आज तरी हे विषय नकोत. पोरीचा दिवस आहे."

"पोरच अंधारात बसलीये."

"मग आधी सांगायचं ना!"

"तीनदा फोन केला."

"ड्युटीवर होतो. आता बघ," त्याने पाकीट उघडून दाखवलं, "सगळे सायकलीत गेले. पोरीचा आनंद बघितलास का? पैशाचं काय, येतात जातात."

"येतात तुझ्याकडे आणि जातात माझ्याकडून. परत कर ती सायकल. दुकानात नेऊन परत कर."

तो हसला. आणि मग मुद्दाम, खालच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ऐका हो! बापाने पोरीला हौसेने सायकल आणली, तर ही म्हणते परत कर!"

खाली कुणी तरी च्यक् च्यक् केलं. घरमालक म्हणाला, "ताई, माझं काही म्हणणं नाही, पण आजच्या दिवशी तरी..." तिच्या तोंडाशी इतकं काही आलं, की त्यातलं काहीच बाहेर पडेना. तोफेला बत्ती लागली आणि आवाजच झाला नाही. तो तासभर थांबला, पोरीला चार फेऱ्या मारून दिल्या, गालगुच्चा घेऊन निघून गेला.

सोमवारी रोलरवर तिने मावशीला सगळं सांगितलं. मावशी म्हणाली, "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! त्या घोड्याला आता दाणापाणी कोण घालणार?"

"हवा भरायला पंप लागेल, कुलूप मोडलं की कुलूप लागेल," ती म्हणाली. "सगळं मीच."

"मग वीक," मावशी ओरडली. मशीनच्या आवाजात ओरडूनच सांगावं लागत होतं, पण तिला वाटलं, मावशीने ते जरा जास्तच सहज ओरडून टाकलं.

दुपारी सुट्टी होताच ती घरी आली आणि जिन्याखालची सायकल घेऊन तडक डेअरीवर गेली. डेअरीवाल्याने रविवारी किंमत विचारली होती ती उगीच नव्हती. त्याने सायकलीची चाकं फिरवून पाहिली, ब्रेक दाबले, 'वापरलेली झाली ना आता' म्हणून भाव पाडला, दुधाची मागची बाकी कापून घेतली आणि उरलेले पैसे तिच्या हातावर ठेवले. ते पैसे घेऊन ती वीज ऑफिसला गेली. संध्याकाळी दिवा लागला, पंखा फिरला.

खारू शिकवणीहून आली ती जिन्याखालच्या रिकाम्या जागेकडे बघूनच वर आली.

"सायकल कुठाय?"

"विकली."

"कुणाची?"

"कुणाची म्हणजे काय?"

"कुणाची सायकल विकली तू?" खारूचा आवाज चढला. "तुझी होती? बाबांनी मला दिली होती. मला! तू चोर आहेस. बाबा काही तरी देतात, तू नुसती नाही नाही म्हणतेस. तू कधी काय दिलंस मला?"

कधी काय दिलंस. डोक्यावरचा पत्रा, पायाखालची फरशी, ताटातला भात, आत्ता डोक्यावर फिरणारा पंखा. तिचा हात उठला आणि खारूच्या गालावर बसला. या घरात कुणी कुणाला मारत नाही, याचा तिला चार वर्षं अभिमान होता. तोही गेला.

खारू रडली नाही. खाली घरमालकाकडे गेली आणि तिथून बापाला फोन केला.

आणखी एक गोष्ट आईच्या ध्यानातच आली नव्हती. डेअरीवाल्याची मुलगी खारूच्याच शाळेत, खारूच्याच वर्गात होती. दुसऱ्या दिवशी ती त्याच सायकलवरून, घंटी वाजवत शाळेत गेली. वर्गात सगळ्यांना कळलं, की खारूच्या आईने विजेच्या बिलासाठी खारूची सायकल विकली. हे ऐकलं तेव्हा तिला स्वतःची इतकी चीड आली, की काय करावं सुचेना. दहा गल्ल्या पलीकडे जाऊन विकायची अक्कल का सुचली नाही? पण त्या चिडीतही ती हे कबूल करायला तयार नव्हती, की विकायलाच नको होती.

गुरुवारी संध्याकाळी तो आला. या वेळी हाका नाहीत, हसणं नाही. जिन्याखाली उभा राहूनच त्याने तोंड सोडलं.

"लाज वाटली नाही? बापाची भेट विकून खाल्लीस?"

सगळ्या खिडक्या उघडल्या. घरमालक दारात, डेअरीवाला नाक्यावर, बायका गॅलऱ्यांत. ती तीन पायऱ्या खाली उतरली आणि थांबली.

"खाल्ली नाही," ती म्हणाली. "जाळली. तो वर दिवा दिसतोय ना, त्यात जाळली."

"मला सांगायचं होतंस, मी दिले असते."

"चार वर्षांत कशाकशाचे दिलेस ते सांग! भाड्याचे दिलेस? फीचे? मागच्या वर्षी आठ दिवस तिच्या अंगात ताप होता, औषधाचे दिलेस? अस्वल दिलंस. अस्वलाला भाड्यात धरतात का रे? विचार घरमालकांना, या महिन्याच्या भाड्यात अस्वल चालेल का ते!"

कुणी तरी फिसकन हसलं. तोही हसायला बघत होता, पण या वेळी ते जमेना.

"तू वर्षातून तीनदा बाप होतोस," ती म्हणाली. "पोळ्याचा बैल सजून यावा तसा येतोस, सगळ्यांकडून वाहवा घेतोस आणि जातोस. बाकीचे दिवस कोण असतं? तुला दिलदार म्हणतात हे लोक. माझ्या जिवावर दिलदार आहेस तू. तुझ्या वाटचं मी भरते म्हणून तुझ्या पाकिटात सायकलीचे पैसे उरतात."

"पोरीला विचार तिला कोण हवंय ते!" तो ओरडला.

खारू आईच्या मागे, वरच्या पायरीवर येऊन उभी होती. "मला बाबांकडे जायचंय," ती म्हणाली.

एरवी ती तिथेच पायरीवर बसली असती. पण राग अजून ओसरलेला नव्हता, आणि त्या रागानेच तिला उभं धरलं. ती वर गेली, दप्तर, कपडे, कंगवा, परीक्षेचं ओळखपत्र असं सगळं एका पिशवीत कोंबलं आणि खाली येऊन पिशवी त्याच्या छातीवर टेकवली.

"ने."

"अं?"

"ने. आत्ताच्या आत्ता ने. शाळा सातला भरते, डबा लागतो. सोमवारपासून पेपर आहेत."

त्याचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता. त्याने घरमालकाकडे बघितलं, गॅलऱ्यांकडे बघितलं. त्याच्या डेपोजवळच्या खोलीत तो आणखी दोन ड्रायव्हरांबरोबर राहत होता. पण दिलदार माणसाला अख्ख्या गल्लीसमोर नाही कसं म्हणता येणार? त्याने पिशवी घेतली. खारू आईकडे न बघता त्याच्यामागे चालू लागली.

त्यानंतरचे दिवस तिने कसे काढले ते तिलाच ठाऊक. घरी दिवा होता, पंखा होता आणि त्या दिव्याखाली बसायला कुणी नव्हतं. बायका आता नळावर ढोसत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या. लाँड्रीत ती मावशीशीही बोलेना. एकदा तिने चादर इतक्या जोरात ओढली, की ती मधोमध टर्रकन फाटली. सुपरवायझर धावून आला, तेव्हा मावशीने ती चादर आपल्या हातात घेतली. "जुनी झाली होती, माझ्या हातून फाटली," मावशी म्हणाली. मग तो गेल्यावर तिच्याकडे वळली.

"राग बरा आहे तुझा. पण तू तो गल्लीत उधळतेस, चादरीवर काढतेस. जिथे काढायचा तिथे का नाही काढत? कोर्टात जा. फुकट वकील मिळतो. माझ्या भाचीने घेतली पोटगी."

"मी त्याच्याकडे भीक मागणार नाही."

"भीक ती, जी दुसऱ्याच्या खिशातली मागतात," मावशी म्हणाली. "हे तुझ्या पोरीचं आहे. तिचं तिला मिळू नये म्हणून तूच त्याच्या बाजूने पहारा देतेयस. चार वर्षं तुझ्या या मानाचा फायदा कुणाला झाला ते बघ जरा."

हे तिला फार लागलं, कारण ते खरं होतं. दोन दिवस ती मावशीवरही चिडून होती.

शेवटचा पेपर झाला त्या दुपारी खारू एकटीच बसने घरी आली. पिशवी दारात ठेवली आणि पाणी प्यायली. तिच्या एका बुटाचा तळ पुढून सुटला होता आणि तो सुतळीने बांधलेला होता.

"हे काय?" आईने विचारलं.

"पहिल्या पेपरला सुटला. बाबांना म्हटलं, नवे घ्यायला लागतील." खारू वर न बघता सुतळीची गाठ सोडत होती. "बाबा म्हणाले, शूज आईला सांग."

तिने पोरीसमोर पाण्याचा दुसरा पेला ठेवला.

"फीचं पण तेच. डब्याला रोज पाव आणून द्यायचे. एक दिवस विसरले. ते दुसरे काका आहेत ना, त्यांनी अंडी उकडून दिली." मग जरा थांबून ती म्हणाली, "बाबा ओरडले नाहीत कधी. हसतच म्हणाले. हसतच सगळं."

बापाविरुद्ध पोरीने उच्चारलेलं ते पहिलं आणि पुष्कळ दिवसांतलं शेवटचं वाक्य होतं. आई त्यावर एक अक्षरही बोलली नाही. बोलायची खूप इच्छा होती, जिभेवर सगळं तयार होतं. गल्ली बघत होती तेव्हा सायकल आली. बुटांकडे बघायला कुणी नव्हतं, म्हणून बूट आईचे. तिने ते सगळं गिळलं आणि भात टाकला. दुसऱ्या दिवशी मात्र तिने पुन्हा अर्धी रजा टाकली आणि कोर्टाचा रस्ता धरला.

फुकटची वकीलबाई तरुण होती, सर्दीने बेजार होती आणि एका वेळी चार जणांशी बोलत होती. तरी तिने अर्ज नीट लिहिला. पहिल्या तारखेला तो आलाच नाही. दुसऱ्या तारखेला आला तो इस्त्रीचा शर्ट घालून, आणि समुपदेशक बाईंशी इतकं मिठ्ठास बोलला, की त्याही हसल्या. पण तोफेने या वेळी एकही शब्द वाया घालवला नाही. भाड्याच्या पावत्या, शाळेच्या पावत्या, विजेची बिलं टेबलावर मांडली आणि म्हणाली, "यातलं यांनी काय भरलं तेवढं विचारा." त्याचं हसू तिथे थांबलं. शेवटी दर महिन्याला एक रक्कम ठरली. फार नव्हती, भाड्याच्या निम्म्याला जेमतेम पुरेल एवढी. वकीलबाई नाक पुसत म्हणाली, "हे मिळालं हे नशीब समजा." तिला त्याचाही राग आला, पण तिने सही केली.

पहिले दोन महिने पैसे आले. तिसऱ्या महिन्यात आले नाहीत. ती डेपोवर गेली, तो गाडी पुसत होता तिथे जाऊन उभी राहिली आणि सगळ्या ड्रायव्हरांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पोरीचे या महिन्याचे पैसे राहिलेत."

तो तिला बाजूला ओढायला लागला. "अगं, लोकांसमोर काय! हळू बोल ना."

"का?" ती म्हणाली. "सायकल लोकांसमोर दिलीस. हेही लोकांसमोर दे."

त्याने कुणाकडून तरी उसने घेतले आणि दिले. त्यानंतर कधी वेळेवर, कधी उशिरा, पण पैसे येत राहिले, कारण ती पुन्हा येईल हे त्याला कळून चुकलं होतं. लाँड्रीचा थकलेला पगारही निम्माशिम्मा मिळाला. उरलेल्यासाठी ती अजून केबिनचं दार ठोठावत होती आणि आता तिच्या मागे आणखी सहा-सात बायका उभ्या राहत होत्या. घरमालकाने तेवढ्यात भाडं वाढवलं. म्हणजे हातात जे आलं त्यातलं बरंचसं तिकडेच गेलं.

पण बूट आले. कोर्टाच्या पहिल्याच पैशातून, दुकानात जाऊन, खारूच्या पायाला लावून घेतले. एक नंबर मोठेच घेतले, आणि त्यावरून दुकानातच दोघींची जुंपली. खारूचं म्हणणं, टाच सुटते. आईचं म्हणणं, पाय वाढतो. घेतले मोठेच.

दोघी बूट घेऊन चालत परत निघाल्या. मग ती म्हणाली, "मी तुला मारलं ते चुकलं माझं. न विचारता विकली तेही चुकलं."

"आणि विकली ते?"

"ते नाही चुकलं."

खारूने रस्त्यातला एक दगड नव्या बुटाने उडवला. "पुढच्या वेळी माझं काही विकायचं असलं तर आधी मला विचारायचं."

"विचारीन."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

तिने खरोखर विचार केला. पोरीला गोड वाटेल असं काही तरी सांगता आलं असतं. गोड बोलणारा एक माणूस त्या घराला पुरेसा होता.

"तर भांडू," ती म्हणाली.

खारूने मान हलवली, हातातली जुन्या बुटांची पिशवी आईकडे दिली आणि पुढे चालू लागली.